बंद दगडखाण: झाकायची की दाखवायची?

दगड संपला किंवा परवान्याची मुदत संपली की खाणवाला क्रशर उचलून निघून जातो. मागे खड्डा उरतो. पावसाळ्यात तो भरतो, काठाला कठडा नसतो, आणि पोहायला गेलेली मुलं बुडाल्याची बातमी येते. मग कोणीतरी डेब्रिजच्या गाड्या आणून तो बुजवायला घेतं. पुण्या-मुंबईच्या आसपास राहणाऱ्यांना हे नवीन नाही. पण अशा खड्ड्याकडे जागा म्हणून पाहण्याची परंपराही दीडशे वर्षांपेक्षा जुनी आहे.

तिचं ठळक उदाहरण पॅरिसच्या ईशान्येला आहे. ब्यूत-शोमों टेकडीखाली जिप्समच्या खाणी होत्या; प्लास्टर ऑफ पॅरिस याच दगडाचं. खाणींनी पोखरलेल्या या उजाड भागात पुढे शहराची घाण आणि मेलेली जनावरं येऊन पडत. १८६० मध्ये पॅरिसची हद्द वाढली, हा भाग शहरात आला आणि नेपोलियन तिसरा याच्या राजवटीत तिथे बाग करायचं ठरलं. काम अभियंता आल्फाँ याच्याकडे होतं. तिथल्या जमिनीत काही उगवत नव्हतं, म्हणून तात्पुरते रूळ टाकून बाहेरून माती आणली. १ एप्रिल १८६७ रोजी, जागतिक प्रदर्शनाच्या मुहूर्तावर, बाग खुली झाली. खाणीच्या जुन्या तोंडाची गुहा केली आणि तिच्या छताला सिमेंटचे खोटे लवणस्तंभ लटकवले. धबधब्याचं पाणी पंपाने चढवलेलं. बाग देखणी आहे, यात वाद नाही. पण तिथे हिंडणाऱ्याला पायाखाली खाण होती याचा पत्ता लागू नये, अशीच तिची रचना आहे. जिप्सम मात्र पाण्यात विरघळतं. त्यामुळे जमीन खचणं आणि डागडुजी हे त्या बागेच्या पाचवीला पुजलेलं.

कॅनडात जेनी बुचार्ट यांनीही नवऱ्याच्या सिमेंट कारखान्याची संपलेली चुनखडीची खाण फुलझाडांनी भरून टाकली. हिरवळ आणून जखम झाकायची, असा हा सगळा काळ होता.

वळण बरंच उशिरा आलं. स्वीडनमध्ये रेटविकजवळची, साधारण ६० मीटर खोल चुनखडीची खाण १९९० च्या सुमारास बंद पडली. पूर्वी गायिका असलेल्या मार्गारेता डेलेफोर्स ऑपेरासाठी उघडी जागा शोधत होत्या; त्यांना ती खाण सापडली. १९९५ मध्ये तिथे दालहाला हे नाट्यगृह सुरू झालं. भिंती तशाच राहिल्या, तळाशी रंगमंच आणि बाकं आली. पोर्तुगालमध्ये ब्रागाला एदुआर्दो सोउतो द मोउरा यांनी ग्रॅनाइटच्या खाणीत फुटबॉल स्टेडियम बांधलं (२००३). एका गोलमागे प्रेक्षक नाहीतच, सरळ कापलेला कडा आहे. अर्थात त्यासाठी डोंगर आणखी फोडावा लागला, हेही विसरून चालणार नाही.

मला सर्वांत जास्त पटतं ते चीनमधल्या जिनयुनचं काम. चच्यांग प्रांतातल्या या तालुक्यात ३,००० हून अधिक छोट्या खाणी बंद पडून होत्या. वास्तुविशारद शू तिएनतिएन यांनी त्यांतल्या काही निवडल्या. पहिल्या २०२२ मध्ये खुल्या झाल्या. या खाणी अरुंद, उंच, हाताने कापलेल्या. भिंतींवर छिन्नीच्या तिरप्या रेघांच्या ओळीच्या ओळी दिसतात. सैल दगड काढले, कडे बांधून घेतले, मग पायऱ्या, कठडे आणि दिवे बसवले. यापलीकडे फारसं काही केलं नाही. आठ नंबरच्या खाणीत कामगार ज्या टप्प्यांवर उभे राहून दगड कापत, तिथे आता लोक वाचत बसतात. नऊ नंबरच्या खाणीत स्थानिक संगीतनाट्याचे प्रयोग होतात. दहा नंबरमध्ये जुने पाथरवट दगड कसा कापायचे ते करून दाखवतात. पॅरिसने नेमकं हेच पुसलं होतं.

आपल्याकडे हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. आपला काळा पाषाण सुरुंगाने फोडलेला असतो. त्याच्या भिंतींना भेगा असतात, कडे कधी सुटतील याचा नेम नसतो, आणि पावसाचं पाणी कुठे न्यायचं ते आधी ठरवावं लागतं. हा खर्च खाण बंद पडल्यावर ग्रामपंचायतीच्या गळ्यात मारण्याऐवजी परवाना देतानाच खाणवाल्याकडून घ्यायला हवा. आणि खाणीचं पुढे काय करायचं हे ठरवताना, तिथे पिढ्यानपिढ्या दगड फोडलेल्या वडार कुटुंबांना बैठकीला बोलवायला हवं. कोणता कडा पक्का आणि कोणता पोकळ, हे त्यांना घणाच्या आवाजावरून कळतं.