फुकटचा पंखा आणि मे महिन्यातला पत्रा

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. लाकडाच्या बंद शेगडीवर वीतभर उंचीचा काळा पंखा. ना वायर, ना सेल, तरी गरगर फिरतोय. खाली मजकूर : ‘वीजबिलाला कायमचा रामराम!’ पाठोपाठ वरच्या मजल्यावरच्या काकांचा प्रश्न आला, “मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या पत्र्यावर भाकरी भाजेल. तिथं असे चार ठेवले तर?”

प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. सोलापुरात आणखी कशाची असली तरी उन्हाची ददात नाही. अडचण अशी, की हा पंखा उष्णतेवर चालतच नाही. तो चालतो तापमानाच्या उतारावर. उजनी काठोकाठ भरलं तरी खाली सखल जागा आहे म्हणूनच तिथलं जनित्र फिरतं. तसंच हे.

हा उतार पहिल्यांदा हाती लागला तो १८२१ मध्ये. थॉमस सीबेक या जर्मन शास्त्रज्ञानं दोन वेगळ्या धातूंचं कडं करून एक सांधा तापवला आणि जवळच्या होकायंत्राची सुई हलली. त्याला ते चुंबकत्व वाटलं. खरं तर कड्यातून वीज वाहत होती.

का? धातूच्या तापलेल्या टोकाकडचे इलेक्ट्रॉन जास्त धसमुसळे असतात. ते थंड टोकाकडे पसरतात, तिथं गर्दी होते आणि दोन टोकांत विद्युतदाब तयार होतो. पण तांब्यात तो अंशामागे जेमतेम दोन मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे दोन दशलक्षांश. पंख्यात असतं बिस्मथ टेल्युराईड नावाचं अर्धवाहक संयुग, त्यात सुमारे दोनशे. त्याचे दोन प्रकार करतात. एकात इलेक्ट्रॉन थंड बाजूला सरकतात, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे धन प्रभार. दोन्ही जोडले की दाबांची बेरीज होते. पंख्याचं तापणारं बूड आणि माथ्यावरची गार पाती यांच्यामध्ये चार सेंटिमीटरची चौकोनी चकती असते, तिच्यात अशा १२७ जोड्या बसतात. एका जोडीचे ४०० मायक्रोव्होल्ट धरले, तर अंशाला साधारण ०.०५ व्होल्ट. दोन बाजूंत ४० अंशांचा फरक पडला की २ व्होल्ट. मोटार जोडल्यावर त्यातला निम्मा उरला तरी ती फिरते.

यातली मला सगळ्यात आवडणारी खुबी वेगळीच आहे. या पदार्थानं वीज जाऊ द्यायची, पण उष्णता अडवायची, नाहीतर उतारच सपाट होतो. तांबं दोन्ही जाऊ देतं. बिस्मथ टेल्युराईडचे अणू जड, थरांमधले बंध सैल, त्यामुळे उष्णता वाहणारी जाळीतली कंपनं वाटेतच विखुरतात आणि इलेक्ट्रॉन मात्र निसटतात. एवढं करूनही आत गेलेल्या उष्णतेपैकी शंभरात दोन-तीन भागच वीज होते. त्यामुळे ‘फुकट ऊर्जे’चे व्हिडिओ बनवणाऱ्यांनी आधी लाकडाचा भाव विचारावा.

नॉर्वेतल्या भाच्यानं असा एक पंखा आणला होता. हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याकडच्या शेतावर आम्ही तो चुलीवरच्या तव्यावर ठेवला. मिनिटभर झोकात फिरला, मग मंदावला, मग थांबला. मावशी म्हणाल्या, “जाळ तर चांगला हाय की! दमला व्हय रं?” जाळच नडला होता. उघड्या चुलीची झळ तव्याच्या कडेनं वर येऊन पंख्याच्या माथ्यावरच्या पात्यांनाही भाजत होती. ही स्थिर पाती म्हणजे पंख्याची थंड बाजू. तीच तापली, उतार संपला. भाच्याकडच्या बंद शेगडीत गरम वायू धुराड्यातून बाहेर जातात, म्हणून तिथं तो रात्रभर फिरतो.

तुमचं कुणी थंड मुलुखात राहत असेल आणि घेणार असेल, तर फिरत्या पात्यांच्या संख्येला भुलू नका. पंखा किती अंशांना सुरू होतो आणि किती अंशांपर्यंत सोसतो, हे दोन आकडे बघा. काही पन्नासच्या आसपास सुटतात, काहींना ऐंशीच्या पुढचा तवा लागतो. वरची मर्यादा ओलांडली तर चकतीतले डाख वितळतात. चांगल्या पंख्याच्या बुडाशी दोन धातूंची पट्टी असते, अती तापल्यावर ती वाकून पंख्याला किंचित उचलते. शेगडीवर चिकटणारा चुंबकी तापमापक जोडीला असावा. पंखा ठेवायचा शेगडीच्या मागच्या कडेला, धुराड्यापासून दूर, म्हणजे मागची गार हवा माथ्यावरच्या पात्यांतून ओढली जाते. आणि तो खोली जास्त तापवत नाही. छताशी साचणारी ऊब फक्त माणसांकडे ढकलतो.

आता काकांचा पत्रा. समजा दुपारी तो ६५ अंश, हवा ४३. फरक २२, त्यातलाही बराचसा बुडात आणि पात्यांत जिरणार. पंखा बहुधा हलणारच नाही. हललाच, तर ४३ अंशांचीच हवा तोंडावर मारेल.

हे ग्रुपवर लिहिलं. तासाभरानं काकांचं उत्तर आलं : “म्हणजे पत्र्याला पांढरा रंग मारणंच बरं. वर्गणी किती काढायची?”