‘एमिट’ लिसनरना नंतरसाठी राखून ठेवत नाही

नोड.जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) असिंक्रोनस, म्हणजे काम संपण्याची वाट न पाहता पुढे जाणारी, असल्यामुळे त्यातील इव्हेंटएमिटर या घटना कळवणाऱ्या ऑब्जेक्टचे ‘एमिट’ इव्हेंट रांगेत ठेवून लगेच परतते आणि लिसनर, म्हणजे त्या इव्हेंटसाठी नोंदवलेली फंक्शन्स, मागाहून चालतात, हा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. ‘एमिट’ हा साधा फंक्शन कॉल असून तो लिसनर नोंदणीच्या क्रमानेच, एकामागून एक, तिथल्या तिथे चालवतो आणि शेवटचा लिसनर परतल्यावरच पुढची ओळ चालते. त्यामुळे एखाद्या लिसनरने जड आकडेमोड केली, तर संपूर्ण इव्हेंट लूप, म्हणजे आलेली कामे एकेक करून चालवणारे चक्र, अडतो. त्याने एरर फेकली, तर ती ‘एमिट’ करणाऱ्या कोडपर्यंत पोहोचते आणि उरलेले लिसनर चालतच नाहीत.

लिसनर ‘असिंक’ फंक्शन असेल, तर हा गैरसमज अधिक घातक ठरतो, आणि माझ्या मते खरी काळजी इथेच घ्यायला हवी. असे फंक्शन पहिल्या ‘अवेट’पर्यंत, म्हणजे निकालासाठी थांबण्याच्या जागेपर्यंत, तत्काळ चालते, परंतु त्याने परत दिलेल्या प्रॉमिसची (पुढे मिळणाऱ्या निकालाच्या ऑब्जेक्टची) ‘एमिट’ वाट पाहत नाही. ते प्रॉमिस रिजेक्ट झाले, म्हणजे काम फसले, तर ‘एमिट’भोवतीचा ट्राय-कॅच ते पकडू शकत नाही, आणि नोड.जेएसच्या आवृत्ती १५ पासून असे न हाताळलेले रिजेक्शन, वेगळी व्यवस्था केली नसल्यास, चालू प्रोसेसच बंद पाडते. इव्हेंटएमिटर तयार करताना ‘कॅप्चररिजेक्शन्स’ हा पर्याय चालू केल्यास असे रिजेक्शन ‘एरर’ इव्हेंटच्या लिसनरकडे वळवले जाते.