अहिराणी घरातून मराठी वर्गात: 'बोली की भाषा' या वादामागची पार्श्वभूमी

धुळे, नंदुरबार, जळगाव आणि नाशिकच्या कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातली अनेक मुले पहिलीत येतात ती अहिराणी बोलत. 'मना नाव', 'माले भूक लागनी', 'मी शायामा (शाळेत) जास'. याला गावंढळ उच्चार समजून दुरुस्त करण्याची शाळेची सवय जुनी आहे. पण 'मी जास' मुलगाही म्हणतो, मुलगीही म्हणते. 'जातो' की 'जाते' हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा वर्गातच पडतो. हा फरक व्याकरणाचा आहे, आणि वहीवरच्या लाल रेघेत तो दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात कोश, क्रमिक पुस्तके आणि सरकारी शाळा आल्या, तेव्हा पुण्याकडच्या शिष्ट वर्गाची भाषा प्रमाण ठरली. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी तिचे लेखन सोपे केले. पात्राच्या तोंडी 'असं केलं' लिहायची मुभाही त्यांत आहे. उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या मुलाला मात्र ती नाही.

खरा गुंता वेगळाच आहे: अहिराणी मराठीची बोली आहे का? इंग्रजी अमदानीतल्या भाषा-पाहणीने, अहिराणी जिच्यात मोडते त्या खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता 1907 मध्ये भिल्ली भाषांच्या खंडात घातले. पुढे अनेक अभ्यासकांनी तिला मराठीची बोली मानले, तर काहींनी गुजरातीशी तिचे नाते दाखवले. जनगणनेत खानदेशी आजही मराठीपासून वेगळी मोजली जाते. 2001 मध्ये तिचे भाषक 20 लाखांहून अधिक होते, 2011 मध्ये 18 लाखांच्या पुढे. बोलणारे घटले की मातृभाषा 'मराठी' सांगणारे वाढले, हे या आकड्यांवरून ठरत नाही. शाळेला यातले सोयीचे उत्तर भावले. बोली मानली की वेगळे पुस्तक नको, वेगळे प्रशिक्षण नको, आणि मुलाची अडचण 'अशुद्ध भाषा' या एका शेऱ्यात मिटते. हा अन्याय आहे, आणि तो वर्गीकरणाच्या आडून होतो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्यतो मातृभाषेतून शिकवायला सांगितले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीवरून राज्यात रान उठले आणि जूनअखेर शासन निर्णय मागे घ्यावा लागला. त्या गदारोळात पहिलीतल्या मुलाची मातृभाषा म्हणजे मराठीच, हे बहुतेकांनी गृहीत धरले. शाळेच्या दाखल्यावरच्या मातृभाषेच्या रकान्यातही अहिराणी मुलापुढे बहुधा तेच लिहिलेले असते.