मिश्र पोकर स्पर्धा (ऑनलाइन)

एकाच स्पर्धेत, त्याच चिप्स घेऊन, ठरलेल्या क्रमाने पोकरचे वेगवेगळे प्रकार खेळले जातात तेव्हा तिला मिश्र स्पर्धा म्हणतात. ऑनलाइन दोन मिश्रणे रुळली आहेत. ‘हॉर्स’मध्ये लिमिट होल्डेम, ओमाहा हाय-लो, रॅझ, सेव्हन कार्ड स्टड आणि स्टड हाय-लो असे पाच प्रकार येतात. ‘एट-गेम’मध्ये याच पाचांना ड्यूस-टू-सेव्हन ट्रिपल ड्रॉ, नो-लिमिट (पैजेला मर्यादा नसलेले) होल्डेम आणि पॉट-लिमिट (पैज जास्तीत जास्त डावात जमलेल्या रकमेएवढी) ओमाहा जोडले जातात. हॉर्सचे टेबल बहुधा आठ जणांचे, एट-गेमचे सहा जणांचे असते. हे पत्त्यांच्या हिशेबामुळे आहे: ट्रिपल ड्रॉमध्ये सहा जणांना पाच-पाच पत्ते वाटले की गठ्ठ्यात २२च उरतात आणि नको ते पत्ते टाकून नवे घेण्याच्या तीन फेऱ्या बाकी असतात. पत्ते संपलेच तर टाकलेले पुन्हा पिसून वाटतात.

या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली ती २००६ साली. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या नामांकित स्पर्धा-मालिकेने ५०,००० डॉलर प्रवेशशुल्काची हॉर्स स्पर्धा सुरू केली आणि ती पोकरपटू चिप रीझ यांनी जिंकली. २०१०मध्ये ती एट-गेम स्वरूपात ‘पोकर प्लेअर्स चॅम्पियनशिप’ झाली. पोकरस्टार्स या संकेतस्थळाच्या मोठ्या ऑनलाइन मालिकांतही हॉर्स आणि एट-गेमला जागा आहे.

प्रकार बदलतो तो एकतर पातळीसोबत (पातळी म्हणजे सक्तीच्या पैजा वाढण्याआधीचा ठराविक वेळ) किंवा ठराविक डावांनंतर. पहिल्या पद्धतीत सगळी टेबले एकाच वेळी एकच प्रकार खेळतात, पण स्टडचे डाव लांबत असल्याने त्या पातळीत ते कमी होतात. दुसऱ्या पद्धतीत वाटणी समान होते, मात्र तुम्हाला दुसऱ्या टेबलावर हलवले तर तिथे वेगळाच प्रकार चालू असू शकतो. नव्या टेबलावर पत्ते बघण्याआधी प्रकाराचे नाव वाचावे.

पैसे जातात ते बहुतेक या सांध्यांवरच. रॅझमध्ये सर्वांत हलका हात जिंकतो, एक्का लहान धरतात, सिक्वेन्स आणि फ्लश (पाचही पत्ते एकाच रंगाचे) मोजत नाहीत, त्यामुळे एक्का-२-३-४-५ हा सर्वोत्तम. ट्रिपल ड्रॉमध्येही हलकाच हात जिंकतो, पण एक्का मोठा असतो आणि सिक्वेन्स-फ्लश अंगावर येतात. तिथला सर्वोत्तम हात ७-५-४-३-२, एका रंगात नसलेला. रॅझचा राजेशाही हात ड्रॉमध्ये नुसता एक्का-हाय ठरतो, आणि २-३-४-५-६ दिसायला गोंडस असला तरी तो सिक्वेन्स आहे. स्टडमध्ये सर्वांत लहान उघडा पत्ता असलेल्याला सक्तीची ‘ब्रिंग-इन’ पैज लावावी लागते, रॅझमध्ये सर्वांत मोठा असलेल्याला. रॅझ संपून स्टड सुरू झाले तरी उघडा राजा पाहून फोल्ड (डाव सोडणे) दाबणारा हमखास भेटतो. आगाऊ दाबायची फोल्डची बटणे या स्पर्धांत वापरूच नयेत. किलवर, बदाम वगैरे चारही चिन्हे वेगळ्या रंगांत दाखवणारे पत्ते आणि प्रकार बदलल्याची सूचना मात्र सुरू ठेवावी.

लिमिट प्रकारांत पैजेचा आकार ठरलेला असतो आणि एका फेरीत बहुधा एक पैज व तीन रेझ (पैज वाढवणे) एवढीच मुभा असते. समजा मर्यादा २००/४०० आहे. होल्डेममध्ये कोणी रेझ न करता शेवटपर्यंत एकेक पैज देत गेले तर २००, २००, ४००, ४०० असे १,२०० लागतात, म्हणजे तीन मोठ्या पैजा. स्टडमध्ये पाच फेऱ्या असतात आणि पाचव्या पत्त्यापासून मोठी पैज लागते, म्हणून तोच खर्च १,६००. ज्याच्याकडे ४,००० चिप्स आहेत त्याने स्टडचा एक डाव ‘बघू तरी’ म्हणून शेवटापर्यंत नेला की ४० टक्के गेले. नो-लिमिटची सवय असलेला खेळाडू इथेच झिजतो. मोठी ऑल-इन (सगळ्या चिप्स लावलेली पैज) हरून बाहेर पडणे त्याला कळते, एकेका पैजेने रिकामे होणे उशिरा कळते.

स्टड आणि रॅझमध्ये उघडे पत्ते ही फुकटची माहिती असते. पण ऑनलाइन खेळात कोणी फोल्ड केले की त्याचा उघडा पत्ता पडद्यावरून नाहीसा होतो. पत्ते जाण्याआधीच लक्षात ठेवावे लागतात. रॅझचे उदाहरण घेऊ: हातात झाकलेली दुर्री-तिर्री, वर सत्ती, टेबलावर आठ जण. पुढचा पत्ता एक्का, ४, ५, ६ किंवा ८ यावा अशी अपेक्षा. असे पत्ते २० आहेत. तुमचे तीन आणि इतरांचे सात उघडे वगळता न दिसलेले उरतात ४२. समोर राजा, राणी, गुलाम, दहा, दुर्री, तिर्री, सत्ती दिसत असतील तर वीसही शिल्लक आहेत: शक्यता सुमारे ४८ टक्के. शिवाय तुमच्या जोड्या लावणारे पत्ते बाहेर गेले, हा बोनस. समोर दोन एक्के, ४, ५, ६, ८ आणि राजा असतील तर उरले १४: शक्यता ३३ टक्के. पहिल्या डावात रेझ, दुसऱ्यात बऱ्याचदा फोल्ड.

हाय-लो प्रकारांत पॉट (डावात जमलेली रक्कम) अर्धा मोठ्या हाताला, अर्धा हलक्याला. हलका हात पात्र ठरायला आठ किंवा त्याखालचे पाच वेगवेगळे पत्ते लागतात. पात्र हात नसेल तर पूर्ण पॉट मोठ्या हाताला. ओमाहामध्ये हातातले नेमके दोन आणि बोर्डवरचे (टेबलाच्या मधोमध सर्वांसाठी उघडलेले) तीन पत्ते घ्यावे लागत असल्याने बोर्डवर असे तीन लहान पत्ते आल्याशिवाय हलका हात होतच नाही. नवख्यांचा लाडका हात म्हणजे नुसती एक्का-दुर्री. तिघांनी प्रत्येकी ४०० घालून पॉट १,२०० झाला, हलका हात दोघांचा सारखाच, मोठा तिसऱ्याचा: तर त्या दोघांना ३००-३०० मिळतात. ‘जिंकूनही’ १०० गेले, आणि प्रत्येक रेझने हे नुकसान वाढते. बोर्डवर दुसरी दुर्री आली की हलका हातही बिघडू शकतो. म्हणून जोडीला तिर्री, किंवा मोठ्या बाजूची काहीतरी आशा हवी.

एट-गेममधले नो-लिमिट आणि पॉट-लिमिट भाग वेगळ्या शिस्तीचे. त्यांचे ब्लाइंड (दोन खेळाडूंनी पाळीपाळीने आधीच लावायच्या सक्तीच्या पैजा) लिमिट प्रकारांपेक्षा बहुधा लहान ठेवतात, तरी संपूर्ण स्टॅक (जवळच्या सगळ्या चिप्स) जाण्याचा धोका तिथेच असतो. लिमिटचे जाणकार इथे आखडतात आणि होल्डेमवाले त्यांच्यावर दबाव टाकतात.

स्टॅक लहान झाल्यावर क्रमाकडे लक्ष ठेवणे फायद्याचे. वरच्याच मर्यादेत सहा जणांच्या होल्डेमच्या एका फेरीत १०० आणि २०० असे ३०० ब्लाइंडमध्ये जातात. स्टडमध्ये अँटी (दर डावाआधी प्रत्येकाने भरायची रक्कम) ४० आणि ब्रिंग-इन ६० असेल तर सहा डावांत साधारण तेवढेच जातात, पण थोडेथोडे. होल्डेममध्ये मोठा ब्लाइंड पुढच्या डावात येणार आणि पातळी बदलून स्टड सुरू होणार असेल तर ३०० चिप्सवाल्याला काही डाव जास्त मिळतात, आणि चांगला उघडा पत्ता येईपर्यंत थांबता येते. यासाठी काही जण मुद्दाम वेळ काढतात. नियमात बसले तरी पातळीत होणारे डाव त्याने सगळ्यांचेच कमी होतात.