आरएक्स 100 चा ऑइल पंप काढू नका

आरएक्स 100 ही यामाहाची टू-स्ट्रोक बाइक; तिचा पंप वेगळ्या टाकीतलं ऑइल इंजिनला पुरवतो. ‘पंप काढा, लिटरभर पेट्रोलला 50 मिली टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळा, इंजिन म्हातारं होणार नाही’, हा साताऱ्यातला जुना समज चुकीचा आहे. ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं, मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन तापतो. शिवाय प्लगला काजळी, सायलेन्सरला कार्बन.

खरा धोका यवतेश्वर घाट उतरताना. थ्रॉटल बंद, इंजिन मात्र चाकांच्या ओढीनं जोरात फिरतंय. पेट्रोल नाममात्र, म्हणून त्यातलं ऑइलही नाममात्र. पंप इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे तेव्हाही थोडं ऑइल देत राहतो.

ऑइलची टाकी कोरडी पडली असेल तर ती भरून पंपाचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या. पंपाची केबल बदलली की त्याच्या पुलीवरची खूण जुळवाच.