मुठीएवढा ढग

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेतीनला आमच्या कोथरूडच्या गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही. त्या दिवशी सावलीतला पारा ४० अंशांवर होता. पूर्वेला, हडपसरच्या उंच इमारतींच्याही मागे, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा एक पांढराशुभ्र ढग वर आला होता. मी हात सरळ लांब केला, मूठ वळली आणि तिची खालची कड क्षितिजावर टेकवली. ढगाचा माथा मुठीच्या वरच्या कडेला लागला.

लांब केलेल्या हाताची मूठ डोळ्यापुढे साधारण १० अंशांचा कोन व्यापते. उपग्रहाच्या चित्रात हा ढग दौंडच्या आसपास दिसत होता, म्हणजे इथून सुमारे ८० किलोमीटरवर. तिथली वस्तू इथून १० अंश उंच दिसत असेल, तर तिची खरी उंची भरते १४ किलोमीटर. एव्हरेस्टच्या दीडपट! हे गणित शाळेतल्या त्रिकोणमितीचं आहे, पण ते करताना दर वेळी अंगावर काटा येतो. कारण तासाभरापूर्वी तिथे नुसतं पांढरट, धुरकट आभाळ होतं.

पुणे आणि दौंड यांच्या मधल्या यवतच्या शेतकरी मित्राला फोन लावला. ‘दादा, ढग दिसतोय का?’

‘दिसतोय काय, अंगावर आलाय. पण वारा पार पडलाय. झाडाचं पान हलत नाही.’

मी वहीत लिहिलं: ३:४०, यवत, वारा शांत.

आम्ही असे सहा-सात जण आहोत. हडपसरला एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो. पाषाणला इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आहे. कुणाकडेच रडार नाही. तापमापक, पर्जन्यमापक, वही आणि फोन एवढीच सामग्री. मार्च ते मे या तीन महिन्यांत वळवाच्या मागावर राहायचं, हा आमचा छंद.

या छंदाने मला पहिली गोष्ट शिकवली ती चटका आणि उकाडा यांतला फरक. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळे आहेत याला हवामानशास्त्राचा भक्कम आधार आहे. चटक्याच्या दिवशी ऊन भाजतं, ओठ फुटतात, दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात कडक वाळतात. उकाड्याच्या दिवशी पारा दोन-तीन अंशांनी कमीच असतो, पण घाम वाळत नाही आणि जीव नकोसा होतो. वळीव येतो तो बहुधा उकाड्याच्या दिवशी. ‘फार तापलंय, आता पाऊस येणार’ असं आपण म्हणतो, पण नुसत्या तापण्याने पाऊस येत नाही.

उष्णतेची लाट येते तेव्हा वातावरणाच्या वरच्या थरांत बहुधा जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून असतं. त्यातली हवा सावकाश खाली बसते. खाली येणारी कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापते, आणि जमिनीपासून दोन-तीन किलोमीटरवर गरम, कोरड्या हवेचं झाकण तयार होतं. जमिनीलगतची हवा तापून वर निघाली, तरी या झाकणाला जाऊन थडकते. आसपासची हवा आपल्याइतकीच गरम असेल तर वर चढायला बळ उरत नाही. त्यात वारा वायव्येचा, म्हणजे राजस्थान-गुजरातकडून येणारा कोरडा असला, तर ढगाला कच्चा मालही मिळत नाही. शिवाजीनगरला २८ एप्रिल २०१९ रोजी ४३ अंशांची नोंद झाली, तेव्हा पुणेकरांना १८९७ च्या एप्रिलमधल्या ४३.३ अंशांची आठवण करून देण्यात आली. असे उच्चांक चटक्याच्या हवेत होतात.

(मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करायला हवामान विभागाला पारा ४० किंवा त्यावर असावा लागतो आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्तही असावा लागतो. एप्रिलअखेर पुण्याची दुपारची सरासरी ३८ च्या आसपास असते. त्यामुळे ४१ अंशांत होरपळलेल्या पुणेकराला ‘लाट नाही’ असं ऐकावं लागतं. नियम देशभरासाठी एकसारखा असावा लागतो हे मला पटतं, पण उन्हात भाजी विकणाऱ्या माणसाला या व्याख्येने सावली मिळत नाही.)

मग चटक्याचा उकाडा कधी होतो? वरचं जास्त दाबाचं क्षेत्र सरकलं किंवा ढिलं पडलं, आणि अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून बाष्प आत आलं की. हे ओळखण्यासाठी मी तापमानापेक्षा दवबिंदूवर लक्ष ठेवतो. हवा किती अंशांपर्यंत थंड केली म्हणजे तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागेल, ते तापमान म्हणजे दवबिंदू. चटक्याच्या दुपारी पुण्यात तो ८-१० अंशांवर असतो. तो १६-१७ च्या वर चढायला लागला की आम्हा सगळ्यांचे फोन सुरू होतात.

याच आकड्यातून ढगाचा तळ किती उंचीवर असेल हेही काढता येतं. तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला १२५ ने गुणा. उत्तर साधारणपणे मीटरमध्ये मिळतं. त्या दिवशी तापमान ४०, दवबिंदू १६. फरक २४, म्हणजे ढगाचा तळ जमिनीपासून ३,००० मीटरवर. हेच गणित जुलैत करून पाहा: तापमान २७, दवबिंदू २२, तळ सव्वासहाशे मीटरवर. सिंहगड पुण्यापेक्षा साडेसातशे मीटर उंच आहे. पावसाळ्यात गडाचा माथा ढगात का बुडतो आणि एप्रिलमधला ढग गडाच्या कितीतरी वरून का जातो, ते या एका गुणाकारात आलं. हा तीन किलोमीटरचा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

झाकण फुटलं की पुढचा चढ वेगात होतो. बाष्पाचं पाणी होताना अप्रकट, म्हणजे बाष्पात दडलेला, उष्मा बाहेर पडतो. एक लिटर पाण्यामागे सुमारे २५ लाख ज्यूल, म्हणजे आपल्या वीजबिलातलं जवळपास पाऊण युनिट. फक्त एक चौरस किलोमीटरवर २० मिलीमीटर पाऊस पडला तर ते २ कोटी लिटर पाणी झालं, आणि त्यामागे ढगात मोकळी झालेली ऊर्जा सुमारे १ कोटी ४० लाख युनिट. या उष्णतेने हवा आजूबाजूपेक्षा हलकी होते आणि आणखी वर धावते. एवढी ऊर्जा समुद्रावरून बाष्पाच्या रूपाने गुपचूप आलेली असते. म्हणून म्हणतो, ऊन फक्त काडी ओढतं; सरपण बाष्पाचं असतं.

उन्हाळ्यात आपल्याकडे साडेचार-पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जातं. जमिनीवर डांबर वितळत असताना त्या ढगाचा वरचा मोठा भाग बर्फाचा असतो. बर्फाचे हलके स्फटिक आणि मऊ गारांचे जड कण एकमेकांवर आपटतात, आणि या टकरींत विद्युतभाराची वाटणी होते: स्फटिक धन भार घेऊन वर जातात, जड कण ऋण भार घेऊन मध्ये थांबतात. भारांतला फरक हवेला सोसवेना झाला की वीज कडाडते. तिच्या वाटेतली हवा क्षणभर ३०,००० अंशांच्या घरात जाते आणि स्फोटासारखी फुगते. तोच गडगडाट.

चार वाजता ढगाचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरला. वर चढणारी हवा स्थितांबराच्या, म्हणजे ढगांच्या थरावरच्या थराच्या, सीमेला टेकली की तिला पुढे वाट नसते, ती आडवी पसरते. ४:२० ला यवतचा फोन: ‘वारा सुटला. माती इतकी उठलीय की समोरचा रस्ता दिसत नाही. पाऊस? चार थेंब पडले.’

पाऊस कमी आणि वारा जास्त, असं का, याचं उत्तर त्या तीन किलोमीटरमध्ये आहे. ढगाचा तळ इतका उंच असला की पावसाला तेवढं अंतर तापलेल्या, कोरड्या हवेतून खाली यावं लागतं. बरेचसे थेंब वाटेतच सुकतात. लांबून पाहिलं तर ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात, पण त्या जमिनीला टेकत नाहीत. थेंब सुकताना हवेतली उष्णता शोषून घेतात, माठातलं पाणी गार होतं तसंच. थंड झालेली हवा जड होते आणि खाली कोसळते. जमिनीवर आदळली की ती चहूबाजूंना पसरते. आपण ज्याला सोसाट्याचा वारा म्हणतो तो वळवाच्या दिवशी असा ढगातून सांडलेला असतो. म्हणजे हवा जितकी तापलेली आणि कोरडी, तितका पाऊस कमी आणि वाऱ्याचा तडाखा मोठा. भर उन्हाळ्यातल्या पहिल्या वळवात रस्त्यांवर पाणी फारसं साचत नाही, पण गुलमोहर उन्मळून पडतात, पत्रे उडतात. मुंबईत १३ मे २०२४ रोजी घाटकोपरचं महाकाय होर्डिंग कोसळलं, तेही अशाच धुळीच्या वादळात. ढग कुठे आहे एवढंच पाहणाऱ्याला हा वारा बेसावध गाठतो, कारण तो ढगाच्या कितीतरी पुढे धावतो.

आमचं काम इथे खऱ्या अर्थाने सुरू होतं. ५:०५ ला काकूंचा निरोप आला: ‘धूळ आली बघा. पाऊस टिपूसही नाही, नुसता वारा.’ यवत ते हडपसर साधारण ३५ किलोमीटर, वेळ ४५ मिनिटं, म्हणजे वाऱ्याची आघाडी ताशी ४५-४७ किलोमीटरने सरकत होती. मी पटकन गणित मांडलं: कोथरूडला साडेपाचच्या आत. खालच्या मजल्यांवर सांगून आलो, कुंड्या उतरवा, गाड्या झाडाखालून काढा. ५:२५ ला वारा आला. पंधरा मिनिटांत पारा ३९ वरून २७ वर उतरला. त्याच्याबरोबर ओल्या मातीचा वास आला, आमच्याकडे अजून एक थेंबही पडलेला नसताना. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. त्याचा वास पलीकडच्या कुठल्यातरी गावच्या पावसाने उडवून वाऱ्यावर घातलेला असतो. या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दिलं.

आणि मग मला सर्वांत आवडणारा प्रकार घडला. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी समुद्रावरचा दमट वारा घाट चढून पुण्यापर्यंत पोचतो. पश्चिमेकडून तो आणि पूर्वेकडून ढगातून सांडलेला गार वारा बावधन-कोथरूडच्या माथ्यावर समोरासमोर आले. दोन वारे भिडले की मधल्या हवेला वर जाण्यावाचून गत्यंतर नसतं. दौंडचा ढग तिकडेच विरत होता. इथे डोक्यावर नवा ढग उभा राहिला. बघता बघता झाकोळलं. वीज चमकली, मी मोजायला लागलो: एक, दोन, तीन... पंधराव्या सेकंदाला गडगडाट. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज पाच किलोमीटरवर. गच्चीवरून तडक खाली आलो. वीज आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर गच्ची, टेकडी, मैदान सोडायचं, झाडाखाली थांबायचं नाही आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. यात आम्ही कुणालाच सवलत देत नाही. देशात दर वर्षी अडीच हजारांहून अधिक माणसं विजेने मरतात, त्यांत शेतात राबणारे खूप असतात. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. यवतच्या मित्राच्या फोनमध्ये ते मी स्वतः घालून दिलं आहे.

पुण्यात हवामानाच्या संस्थांची वाण नाही. हवामान विभागाचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला आजही सिमला ऑफिस चौक म्हणतात. पाषाणचे शास्त्रज्ञ तर ढगांवरच काम करतात. मग आमच्यासारख्यांची गरज काय? वळीव लहान असतो, हे त्याचं कारण. मोसमी पावसाचा पट्टा शेकडो किलोमीटर पसरतो. वळवाची सर पाच-दहा किलोमीटरची, आयुष्य तासाभराचं. शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव अशा केंद्रांच्या मधून ती सहज निसटते. रडारला ढगातले थेंब दिसतात, पण त्यांतले किती वाटेत सुकले आणि किती अंगणात पडले, हे जमिनीवर भांडं ठेवल्याशिवाय कळत नाही. ढगांना आज आपण वापरतो ती क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस ही नावं १८०२ मध्ये ल्यूक हॉवर्डने सुचवली. तो लंडनमधला औषधं बनवणारा माणूस, हवामानाच्या बाबतीत हौशीच होता.

भांडंही फार काही लागत नाही. सरळ उभ्या बाजूंची, सपाट बुडाची बाटली किंवा डबा उघड्यावर, भिंती-झाडांपासून दूर ठेवायचा आणि साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजायची. एक मिलीमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. मोजायची वेळ सकाळी साडेआठ, कारण देशभर तीच पाळतात. त्यामुळे आज संध्याकाळी पडलेला वळीव उद्याच्या तारखेवर चढतो. नव्या माणसाचा इथे हमखास घोळ होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आकडे जमले. कोथरूड २२ मिलीमीटर. पाषाण ३. यवत १ पेक्षा कमी. काकूंनी नेहमीप्रमाणे वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. निळ्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरात: ‘हडपसर. पाऊस ०.०. वारा ५:०५, पूर्वेकडून. शेवग्याची एक फांदी गेली.’