कॅपिटल, स्मॉल आणि कोरी काटापट्टी

राळेगावकडच्या एखाद्या जिनिंगमधला वजनकाटा घ्या. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ कापूस, सगळं संगणकात जातं आणि काटापट्टी छापून निघते. समजा, लायसन्सचा खर्च नको म्हणून मालकानं ओरॅकल सोडून पोस्टग्रेस हा मोफत डेटाबेस घेतला. जुन्या नोंदी मोजून पाहिल्या, एकही कमी नाही. तरी पहिल्याच गाडीला शेतकरी विचारतो, "भाऊ, पट्टीवर वजन कुठाय?"

वजन डेटाबेसमध्ये आहेच. घोळ रकान्याच्या नावात आहे. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं नाव ओरॅकल मुकाट कॅपिटल करून ठेवतो. डेटाबेसशी बोलायची भाषा म्हणजे एसक्यूएल; तिच्या प्रमाणातही हाच नियम आहे. पोस्टग्रेस नेमकं उलटं करतो, सगळं स्मॉल. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, कोणत्याही अक्षरांत लिहिली तरी दोन्हीकडे बिनबोभाट चालते. पण हाती आलेल्या नोंदीतून पट्टीचा प्रोग्राम 'नेटवेट' हे नाव कॅपिटल अक्षरांत शोधतो, आणि तिथे ते आता स्मॉलमध्ये असतं. संगणकाला कॅपिटल 'ए' म्हणजे 65 आणि स्मॉल 'ए' म्हणजे 97. त्याच्या लेखी ही दोन वेगळी अक्षरं. पीएचपीत लिहिलेला प्रोग्राम अशा वेळी बंदही पडत नाही. लॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीच्या फाइलीत, एक इशारा टाकतो आणि रिकामी जागा छापून मोकळा होतो. काट्यावर लॉग कोण उघडतो?

मग कुणीतरी टेबल बनवतानाच नावांना दुहेरी अवतरणचिन्हं लावतो. काही स्थलांतराची साधनं तर न विचारता लावतात. अक्षरं जशीच्या तशी राहतात खरी, पण पुढे प्रत्येक क्वेरीत तीच चिन्हं द्यावी लागतात; एकदा विसरलात की 'असा रकानाच नाही'. हा उपाय मला दुखण्यापेक्षा वाईट वाटतो.

मायएसक्यूएल हा आणखी एक डेटाबेस रकान्यांच्या बाबतीत कॅपिटल-स्मॉल पाहत नाही. टेबलांच्या नावांचं मात्र सहसा असं की विंडोजवर चालून जातं, लिनक्सवर अडतं.

रकान्यांना देवनागरी नावं दिली तर ही भानगडच नाही. पण पोस्टग्रेसमध्ये नावाला 63 बाइटांची मर्यादा, आणि युटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं. काना-मात्रा धरून 21 चिन्हं! 'रिकाम्या_गाडीचे_वजन' मावतं, मागे 'शेतकऱ्याच्या' जोडलं की शेपूट कापलं जातं.

त्यापेक्षा टेबलात नावं साधी, स्मॉल, बिनचिन्हांची ठेवावीत. जुन्या प्रोग्रामपुरता एक व्ह्यू, म्हणजे टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी, बनवून त्यातच अवतरणचिन्हांत कॅपिटल टोपणनावं द्यावीत, आणि नवा प्रोग्राम आला की तो व्ह्यू काढून टाकावा. मात्र हे जुना प्रोग्राम रकान्यांची नावं न घेता सगळे रकाने एकदम मागवत असेल तरच चालतं; नावं घेत असेल तर त्याच्या क्वेरीतही ती चिन्हं लावावी लागतात.